८ जीबी की १६ जीबी: साडेपाच हजारांसाठी महिनाभर केलेली डोकेफोड

आधीच सांगतो मी काही टेकवाला माणूस नाहीये. डोंबिवलीत राहतो, दिवसा एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, रात्री गेम खेळतो आणि लग्नसराईत एका मित्राचे प्री-वेडिंगचे व्हिडिओ एडिट करून देतो त्यातून थोडेफार सुटतात. ग्राफिक कार्डासाठी बाजूला काढलेले पैसे होते पस्तीस हजार, फारच ताणलं तर सदतीस, त्यावर एक रुपया नाही कारण जूनमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स आणि गाडीचा इन्शुरन्स दोन्ही एकदम येतं. तर एवढ्या पैशात काय घ्यायचं आणि त्याचं कमी मेमरीवालं घ्यायचं की जास्त, यावर मी एक पूर्ण महिना घालवला, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो, कुणाचा तरी महिना वाचेल.

घेतलं शेवटी एएमडी कंपनीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. तीन महिने झाले. खूश आहे, पण सगळ्यांनी हेच घ्या असं अजिबात म्हणणार नाही, का ते खाली येईलच.

माझ्याकडे आधी एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० होतं. आता ह्या १०६० ची गंमत ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. २०१६ च्या जुलैत ६ जीबीवालं आलं आणि लगेच ऑगस्टमध्ये ३ जीबीवालं, नाव दोघांचंही १०६०. लोकांना वाटायचं फक्त मेमरी अर्धी आहे बाकी सगळं सेम, पण तसं नव्हतं, मोठ्यात १२८० कोअर (चिपमधले हिशोब करणारे बारीक भाग) आणि छोट्यात ११५२, म्हणजे चिपच कापलेली. मी २०१८ च्या दिवाळीत बोनस आल्यावर घ्यायला गेलो आणि चार-पाच हजार वाचतायत म्हणून ३ जीबी उचललं. तेव्हा दुकानदाराने सांगितलं होतं की १०८० पीला, म्हणजे साध्या फुल एचडी स्क्रीनला, ३ खूप झालं. आणि खरं सांगायचं तर पहिले दीड-दोन वर्ष खरंच खूप झालं, मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की बघा कसे पैसे वाचवले.

मग हळूहळू सुरू झालं. कार्ड स्लो झालं असं नाही हं, हेच समजायला मला वेळ लागला. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, चाळीस-पंचेचाळीस दाखवायचा आणि तरी खेळताना मध्येच अर्धा सेकंद सगळं थिजायचं, वळलो की थिजायचं, दार उघडलं की थिजायचं. हॉगवर्ट्स लेगसी हा गेम लावला तर भिंती, कपडे, माणसांचे चेहरे सगळं चिखलासारखं, शाडूच्या मूर्तीवर अजून रंग चढायचाय तसे चेहरे घेऊन लोक माझ्याशी बोलतायत. आणि दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४के क्लिपवर कलरचे दोन-चार नोड (इफेक्टचे टप्पे) टाकले की तो प्रसिद्ध मेसेज, तुमची जीपीयू (म्हणजे ग्राफिक कार्डाची) मेमरी फुल झालीये, टाइमलाइनचं रिझोल्यूशन कमी करा. नवरा-नवरीचा पाणवठ्यावरचा स्लो मोशन शॉट आणि त्यावर हा मेसेज. किती वेळा बघितलाय ते विचारू नका.

मेमरी कमी पडते म्हणजे नेमकं काय होतं हे मला आईच्या ओट्यावरून कळलं, हसू नका. आमच्या जुन्या चाळीतल्या घरात ओटा एवढासा होता, शेगडी आणि एक परात ठेवली की संपला. आई फास्टच होती स्वयंपाकाला, पण प्रत्येक वेळी मोहरीचा डबा फडताळातून काढा, परत ठेवा, तेलाची बरणी काढा, मग जागा नाही म्हणून परात खाली ठेवा. हात कितीही चालत असले तरी जागाच नाही तर काय. कार्डाचं तसंच आहे, चिप म्हणजे हात आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, म्हणजे ओटा. ओट्यावर मावलं नाही की कार्ड कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये सामान ठेवतं आणि ते आणायला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जावं लागतं. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा स्पीड सेकंदाला ३०० जीबीच्या आसपास आणि ह्या स्लॉटचा माझ्यासारख्या जुन्या मशीनमध्ये ८ किंवा १६ जीबी, म्हणजे फडताळ शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे असं समजा.

म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं की मेमरीत कंजुषी नाही. पण बजेट समोर आलं की माणूस परत तिथेच येतो.

माझ्या रेंजमध्ये दोन नावं होती आणि दोन्हीची दोन-दोन व्हर्जन. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये आलं, ८ आणि १६ जीबी. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, हे जूनमध्ये आलं, तेही ८ आणि १६. अमेरिकेतले लाँचचे भाव बघितले तर ५०६० टीआय ३७९ आणि ४२९ डॉलर, ९०६० एक्सटी २९९ आणि ३४९. म्हणजे दोन्हीकडे डबल मेमरीसाठी फरक ५० डॉलरचा. आपल्याकडे काउंटरवर आलं की तो फरक फुगतो. मला लॅमिंग्टन रोडला जीएसटी धरून जे भाव सांगितले ते असे: ९०६० एक्सटी ८ जीबी एकतीस हजार, १६ जीबी साडेछत्तीस, ५०६० टीआय ८ जीबी सदतीस आणि १६ जीबी साडेपंचेचाळीस. तुम्ही जाल तेव्हा वेगळे असतील, २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव जे भडकलेत त्यानंतर तर आज ऐकलेला भाव उद्या राहील याचीही गॅरंटी नाही.

इथे १०६० सारखी फसवाफसवी नाहीये हे मात्र सांगायला पाहिजे. ५०६० टीआयच्या दोन्ही व्हर्जनमध्ये कोअर सारखेच, ४६०८. ९०६० एक्सटीच्या दोन्हीत २०४८ स्ट्रीम प्रोसेसर, एएमडीवाले कोअरला तसं म्हणतात. चिप ते मेमरीचा रस्ताही सारखाच, १२८ बिट रुंद. ८ जीबीवाल्यात २-२ जीबीच्या चार चिपा असतात आणि १६ वाल्यात आठ, एकेका रस्त्यावर दोन-दोन. म्हणजे हात तेच, ओटा डबल. त्यामुळे जोपर्यंत गेम ८ मध्ये मावतोय तोपर्यंत दोन्ही कार्ड सेम पळतात, एक-दोन फ्रेम इकडेतिकडे. ज्यांनी फक्त जुने गेम लावून टेस्ट केली ते म्हणणार काहीच फरक नाही, ज्यांनी नवीन गेम अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर लावले ते म्हणणार जमीन-अस्मानाचा फरक, आणि दोघंही खरं बोलतायत. मी ह्याच्यातच पंधरा दिवस गोंधळलो होतो.

आता माझ्या बजेटमध्ये खरी लढत कुणाची तर ५०६० टीआय ८ जीबी आणि ९०६० एक्सटी १६ जीबी, कारण दोघं सदतीसच्या आत. नुसता चिपचा जोर बघितला तर ५०६० टीआय थोडं पुढे, त्याची जीडीडीआर७ (कार्डासाठीची खास मेमरी) पण फास्ट, सेकंदाला ४४८ जीबी, ९०६० एक्सटीची ३२० च्या आसपास. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची एनव्हिडियाची युक्ती, जास्त गेममध्ये चालतं, ब्लेंडर ह्या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडिया चांगलं. ऑफिसातला एक जण तर म्हणाला की अरे एनव्हिडिया सोडून दुसरं घेतं का कुणी, घरात बॉश मिक्सर सोडून लोकल घेतल्यासारखं आहे ते. त्याच्याकडे स्वतःकडे लॅपटॉप आहे पण असो.

माझा निर्णय फिरला तो एका वेगळ्याच गोष्टीवर, जी दुकानात कुणी सांगितली नाही. माझा मदरबोर्ड बी४५०, प्रोसेसर रायझन ५ ३६००. बी४५० म्हणजे कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआय एक्स्प्रेस ३. आणि ५०६० टीआय वापरतं स्लॉटच्या फक्त ८ लेन (डेटा ये-जा करायचे पट्टे), तर ९०६० एक्सटी पूर्ण १६. नवीन बोर्डवर ह्याने काही बिघडत नाही कारण पाचव्या जनरेशनची एकेक लेन खूप रुंद आहे. पण माझ्यासारख्या जुन्या बोर्डवर ८ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी, १६ लेन म्हणजे १६ जीबी. आता वरचा ओटा आठवा. ८ जीबीवालं कार्ड घेतलं, मेमरी भरली, सामान आणायला बाहेर जायचंय आणि तिथला रस्ताच अर्धा! म्हणजे ज्याचं बजेट टाईट म्हणून बोर्ड जुना आहे त्यालाच ८ जीबी आणि ८ लेनचं कॉम्बिनेशन सगळ्यात जास्त चावणार. गरिबाला व्याज जास्त तसं. ज्यांच्याकडे बी४५०, ए३२०, किंवा इंटेलचे दहाव्या जनरेशनपर्यंतचे बोर्ड आहेत त्यांनी हे नीट वाचा, जवळपास सगळे पीसीआय ३ वरच आहेत.

तर शनिवारी हाफ डे टाकून गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून स्लोने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण ते टॅक्सीवाल्यालाही सांगून बघा, पोचवणार नाही. पहिल्या दुकानात १६ जीबी नव्हतंच, दुसऱ्यात भाव ऐकून बाहेर आलो, तिसऱ्यात जे झालं ते सांगायलाच पाहिजे. नाव टाकत नाही कारण नंतर वाद नकोत.

काउंटरवरच्या पोराने बॉक्स आणून ठेवला, ९०६० एक्सटी, भाव चौतीस. मी खूश, अडीच हजार कमी. बॉक्स फिरवून बघितला तर खाली कोपऱ्यात बारीक ८ जीबी. मी म्हटलं अरे मला १६ पाहिजे. तर तो म्हणे साहेब तुमच्या मशीनमध्ये रॅम किती? म्हटलं १६. मग म्हणे हेच घ्या, लावल्यावर १६ दाखवेल. आणि डेमोच्या पीसीवर डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ॲडॅप्टरची खिडकी उघडून दाखवलीच, टोटल ग्राफिक्स मेमरी १६ हजार आणि काहीतरी एमबी. आता गंमत अशी की पोरगा आकडा खोटा सांगत नव्हता! विंडोज कार्डाच्या ८ जीबीमध्ये सिस्टिमच्या रॅममधली अर्धी, म्हणजे अजून ८, शेअर्ड म्हणून मिळवतं आणि टोटल १६ दाखवतं. त्याच खिडकीत खाली दुसरी ओळ असते डेडिकेटेडची, तिथे ८ लिहिलेलं असतं. म्हणजे ओटा आणि फडताळ मिळून मापं घेतलीयत. मी बोट ठेवून ती ओळ दाखवली तर म्हणे ते तसंच असतं साहेब. आणि ह्याच्यावर कडी म्हणजे ते ८ जीबीवालं बाकीकडे एकतीसला होतं, हा चौतीस लावत होता. मी हसलो आणि निघालो, काय बोलणार.

चौथ्या दुकानात मिळालं, साडेछत्तीस, पक्कं बिल. बिलाचंही सांगतो, दोन ठिकाणी मला विचारलं की बिलाशिवाय चालेल का, कमी लावतो, कारण कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. मोह होतो, कबूल. पण तीन वर्षांच्या वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरला बिल आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर दाखवायला लागला तर काय दाखवणार, पेढे? घेताना बॉक्सवरचा आणि कार्डावरच्या स्टिकरचा नंबर जुळवून घेतला, मोबाईलने बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढला. दुकानदार जरा वैतागला पण काढू दिला.

घरी येऊन लावलं आणि तिथे माझी वाट लागली, ह्यात कार्डाचा दोष शून्य, सगळा माझा आणि माझ्या जुन्या विंडोजचा. आधी एनव्हिडियाचे जुने ड्रायव्हर साफ केले, ते व्यवस्थित झालं. मग कुठेतरी वाचलं होतं की रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) ऑन केल्याशिवाय ह्या कार्डाला मजा नाही, आणि ते ऑन करायला बायोस, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम, अपडेट पाहिजे आणि त्यातलं सीएसएम नावाचं जुन्या पद्धतीने मशीन चालू करायचं सेटिंग बंद पाहिजे. बायोस अपडेट केला, लाईट जाईल की काय ह्या भीतीने देवाचं नाव घेत. सीएसएम बंद केलं, रीस्टार्ट, आणि विंडोजच येईना. काळा स्क्रीन, बूट डिव्हाइस नाही. रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी मित्राला व्हिडिओ द्यायचाय. झालं असं होतं की माझा विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर होता आणि सीएसएम बंद केलं की त्याला जीपीटी ही डिस्कची नवी पद्धत लागते. परत सीएसएम चालू केलं, विंडोज आला, जीव आला, मग विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल असतं ते कमांड प्रॉम्प्टमधून चालवलं, पाच मिनिटात काम, डेटा जागेवर. तुमचं मशीन जुनं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन हे आधी बघून ठेवा, आणि बॅकअप घ्या, मी घेतला नव्हता.

पॉवरचं टेन्शन नव्हतं. १६ जीबीवालं १६० वॉटपर्यंत खातं, ८ वालं १५०, माझा साडेपाचशे वॉटचा सप्लाय जुनाच चालतोय, एक ८ पिनची वायर लावली विषय संपला.

आता चालतं कसं. माझा मॉनिटर १०८० पी आहे, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ चित्रं दाखवतो), हे लक्षात ठेवा कारण सगळे म्हणतात १०८० पीला ८ पुरे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक केलं की डेडिकेटेड मेमरीचा ग्राफ दिसतो, मी आता सवयच लावलीये दुसऱ्या स्क्रीनवर तो उघडा ठेवायची. सायबरपंक २०७७ हा गेम, सगळं हाय, रे ट्रेसिंग (खऱ्यासारख्या प्रकाशाचं सेटिंग) बंद, सात-साडेसात जीबी. म्हणजे ८ मध्ये बसलं असतं, अगदी काठावर, मागे क्रोम उघडा असेल तर विचार करा. रे ट्रेसिंग चालू केलं की नऊच्या वर गेला. तिथे ८ वालं असतं तर मी परत थिजलेलं चित्र बघत बसलो असतो. इंडियाना जोन्सच्या गेममध्ये तर टेक्श्चर पूल नावाचं वेगळं सेटिंगच दिलंय, कार्डाच्या मेमरीतली किती जागा टेक्श्चरसाठी (भिंती, कपडे यांच्यावर चढवलेली चित्रं) राखायची ते, ८ जीबीवाल्यांना ते खाली आणूनच ठेवावं लागतं. मी वर ठेवलंय आणि दगडी भिंतीवरची धूळ बघत उभा राहतो उगाच. आणि फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः बनवलेली फ्रेम, लावलं की तेही अजून मेमरी खातं, म्हणजे कमी मेमरीवाल्याला फ्रेम वाढवायचा जो शॉर्टकट दिलाय त्यालाच जागा लागते.

टेक्श्चर हाय ठेवायला चिपला जवळपास काही मेहनत नसते, फक्त जागा पाहिजे. सावल्या, प्रकाश, गवत हे सगळं कमी केलं तरी डोळ्याला फार खुपत नाही, पण टेक्श्चर लो केलं की लगेच कळतं. त्यामुळे उद्या तीन-चार वर्षांनी हे कार्ड दमलं तरी मी सावल्या कमी करीन, टेक्श्चर तसंच ठेवीन. १०६० ला उलटं झालं होतं, चिपमध्ये थोडी जान होती पण जागाच संपली.

रिझॉल्व्हमध्ये तो मेसेज तीन महिन्यात एकदाही आला नाही. ४के टाइमलाइन, पाच-सहा नोड, वर ब्लर, मेमरी दहा-साडेदहा दाखवते कधीकधी. ह्या एका गोष्टीसाठी साडेपाच हजार वसूल.

नावडलेलं पण सांगतो. माझ्या कार्डाला लोड आला की बारीक चिरचिर आवाज येतो, रातकिड्यासारखा, हेडफोन घातला की कळत नाही पण रात्री शांततेत कळतो, बनवणाऱ्या कंपनीचं नाव टाकत नाही कारण एकाच कंपनीच्या दोन कार्डांत एक गातं एक गात नाही असं असतं ते. ब्लेंडर मी थोडंफार शिकतोय, तिथे एनव्हिडियावाले मित्र माझ्यापुढे असतात. एफएसआर ४, म्हणजे डीएलएसएसला एएमडीचं उत्तर, दिसायला मस्त आहे पण डीएलएसएस जेवढ्या गेममध्ये आहे तेवढ्यात नाही. आणि प्रोसेसर माझा जुना ३६००, त्यामुळे काही गेममध्ये कार्ड आळस देत बसतं, ६० टक्के लोडवर, प्रोसेसरची वाट बघत. म्हणजे सीएस २ (काउंटर-स्ट्राइक) मध्ये मला जेवढे फ्रेम मिळतात तेवढे ८ जीबीवाल्यातही मिळाले असते, आणि कदाचित ह्याच्या निम्म्या किमतीच्या कार्डातही.

आणि इथे माझ्या मामेभावाची गोष्ट येते. कराडला असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझं कार्ड बघून गेला आणि आठवड्याने फोन, दादा, मलापण १६ वालंच घ्यायचंय, पप्पांना सांग ना तू. मी म्हटलं तू खेळतोस काय? व्हॅलोरंट. अजून? जीटीए ५. अजून? दादा तेवढंच. अरे मग तुला १६ जीबीत काय लोणचं घालायचंय! त्याच्या मॉनिटरला ६० हर्ट्झ, मशीन म्हणजे कुठल्यातरी कंपनीतून निघालेला रिफर्बिश्ड ऑफिसचा डबा, त्याच्या पॉवर सप्लायला कार्डाची वायरच नाही.

त्याच्यासाठी मी जे शोधलं ते आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. ह्या कार्डाला लोक शिव्या घालतात आणि नावाबद्दल घातल्याच पाहिजेत. २०२२ चं ३०५० म्हणजे ८ जीबी, २५६० कोअर, १२८ बिट, १३० वॉट. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच नावाने ६ जीबीवालं आलं, कोअर २३०४, रस्ता ९६ बिट, स्पीड २२४ वरून १६८ वर. म्हणजे परत १०६० चाच पिक्चर, मेमरी कमी सांगून चिपपण कमी दिलीये. पण! ते ७० वॉटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं, त्यामुळे असल्या ऑफिसच्या डब्यात सरळ बसतं. ८ जीबीवालं घेतलं असतं तर सप्लाय बदला, त्या डब्यांचे सप्लाय कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात म्हणजे कधीकधी बोर्डपण बदला, कॅबिनेट बदला, दोन जीबीसाठी अख्खं घर पाडून बांधायचं. मामाला फोन करून सांगितलं साडेसोळात काम होतंय. मामा म्हणाले ह्याने अभ्यास होईल का. मी म्हटलं मामा, रेंज खराब आहे, नंतर बोलतो.

त्याचं व्हॅलोरंट मस्त चालतंय. एकदाच कुरकुरला, कॉलेजच्या प्रोजेक्टला घरच्या मशीनवर एआयचं मॉडेल चालवायचं होतं. तिथे मेमरी म्हणजे मेमरी, तडजोड नाही, ७-८ बिलियनचं मॉडेल (म्हणजे आत तेवढे आकडे साठवलेलं) ४ बिटमध्ये दाबून साधारण ५ जीबी घेतं, ते त्याच्या ६ मध्ये कसंबसं बसलं, त्याच्यापुढचं १४ बिलियनवालं बसेना. ते माझ्याकडे येऊन चालवून गेला, सोबत मामीने दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन, म्हणजे मला फायदाच.

उलट बाजूचा घोटाळापण होतो. गावाकडे दुकानात अजून विचारतात ग्राफिक कार्ड किती जीबीचं पाहिजे, जसं काही ते तांदूळ आहेत. जीटी ७३० चं ४ जीबी डीडीआर३ वालं कार्ड अशाच लोकांना विकलं जातं, बॉक्सवर ४ जीबी एवढं मोठं. ती चिपच इतकी हळू की ४ जीबी भरायच्या आधी तिला धाप लागते. आणि जीटी १०३० तर अजून बेरकी, एकाच नावाने दोन, जीडीडीआर५ वालं ४८ जीबी स्पीडचं आणि २०१८ मध्ये गुपचूप आलेलं डीडीआर४ वालं १६.८ चं. दोन्हीवर २ जीबीच लिहिलंय! म्हणून आकड्याच्या पुढची अक्षरंपण वाचा, जीडीडीआर आहे की नुसतं डीडीआर.

सेकंडहँडमध्ये बघणाऱ्यांसाठी एकच, आरटीएक्स ३०६० दिसलं तर विचारा १२ जीबीवालं आहे का. त्याचंही २०२२ मध्ये ८ जीबी आलं होतं, १९२ बिटचं १२८ बिट करून, ३६० चा स्पीड २४० वर आणून, कोअर तेवढेच पण फ्रेम बऱ्यापैकी कमी. १२ वालं अजूनही दणकट आहे, एडिटिंगवाल्यांनी डोळे झाकून बघा, म्हणजे डोळे उघडे ठेवून बघा, जीपीयू-झेड नावाचं कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर टाकून चेक करा, कार्डाचा बायोस बदलून खोटं नाव दिलेली बरीच कार्डं तो ओळखतो. विकणारा जीपीयू-झेड लावू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

मला कुणी परत विचारलं की फक्त ऑनलाइन मॅचवाले गेम खेळतोस आणि पाच-सहा हजार खरंच नाहीयेत तर काय, तर मी ८ जीबीला नावं ठेवणार नाही, फक्त सदतीसला ८ जीबी घेऊ नका, एकतीसचं घ्या नाहीतर खालचं घ्या. आणि ज्याला गोष्टीवाले मोठे गेम आवडतात किंवा एडिटिंग करायचंय त्याने पैसे नसतील तर दोन महिने थांबावं. मी थांबलो होतो, जुन्या १०६० वर अजून एक लग्न काढलं, टाइमलाइन १०८० पीला आणून, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या) बनवून, नवऱ्याच्या मामाला काही कळलं नाही.

ते १०६० आता विकायला टाकलंय. फोटोत ठळक लिहिलं ३ जीबी, खाली परत लिहिलं ३ जीबी आहे ६ नाही, कोअर ११५२. आत्तापर्यंत नऊ मेसेज आलेत, त्यातल्या सात जणांनी विचारलं भाऊ ६ वालं आहे का, आणि एकाने विचारलं टोटल मेमरी किती दाखवते.